‘जनसहभाग’ हा शब्द सिनॉप्सिसमध्ये टाकण्याआधी

मागच्या महिन्यात दोन ज्युनियर्सनी आपापले सिनॉप्सिस वाचायला पाठवले. एकीचा विषय जेनेरिक औषधं, दुसऱ्याचा क्लिनिकल ट्रायलमधली नैतिकता. विषय वेगळे, कॉलेजं वेगळी, पण दोघांच्याही चौथ्या-पाचव्या पानावर तीच आकृती: आठ पायऱ्यांची शिडी. खाली ‘शेरी आर्नस्टीन, १९६९’. आणि त्याखाली जवळजवळ सारखंच वाक्य, की भारतात औषधांबद्दलच्या निर्णयांत जनसहभाग खालच्या पायऱ्यांवर अडकलाय, तो वर न्यायला हवा.

मला हसता आलं नाही. माझ्या स्वतःच्या पहिल्या ड्राफ्टमध्येही हीच आकृती होती, आणि मी तर एक पाऊल पुढे जाऊन प्रत्येक प्रकरणाला पायरीचा नंबर दिला होता. गाईडनी त्या अख्ख्या टेबलवर एकच तिरकी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, ‘उत्तर कोण देतं?’ तेव्हा राग आला होता. तीन आठवडे ते टेबल करण्यात गेले होते. आज वाटतं की ती रेघ बरोबर होती, आणि ती का बरोबर होती हे या पोस्टमध्ये मांडायचा प्रयत्न करते.

आधी शिडीबद्दल, कारण तिला उगाच झोडायचं नाहीये. आर्नस्टीन अमेरिकेच्या शहर-पुनर्विकासाच्या सरकारी कार्यक्रमात काम केलेली बाई. गरीब आणि काळ्या लोकांच्या वस्त्यांत ‘आम्ही लोकांना विचारलं’ असं दाखवून आधीच ठरलेला प्लॅन कसा रेटला जातो, हे तिने जवळून पाहिलं होतं. तिचा लेख रागाने लिहिलेला आहे आणि म्हणूनच वाचनीय आहे. सगळ्यात खालच्या पायरीवर लोकांना सरळ गुंडाळणं. त्यावर ‘थेरपी’, म्हणजे प्रश्न धोरणात नसून तुमच्या डोक्यात आहे असं समजून लोकांनाच सुधारत बसणं. मग माहिती देणं, मत विचारणं, एक-दोन खुर्च्या देऊन गप्प करणं. आणि वरच्या तीन पायऱ्यांवर खरी सत्ता: भागीदारी, सोपवलेले अधिकार, नागरिकांचं नियंत्रण. मूळ लेख जरूर वाचा. आपल्याकडे आकृती तेवढी एका थीसिसमधून दुसऱ्यात जाते आणि राग मागेच राहतो.

पण वस्तीच्या बाबतीत प्रश्न तसा एकच होता: या जागेचं काय करायचं ते कोण ठरवणार? औषधाचं तसं नाही. एक गोळी माणसाच्या हातात पडेपर्यंत किमान पाच-सहा निर्णय झालेले असतात. तिला विक्रीची परवानगी द्यायची का, पेटंट द्यायचं का, किमतीवर कमाल मर्यादा घालायची का, आवश्यक औषधांच्या यादीत घ्यायची का, सरकारने किती आणि कुणाकडून घ्यायची, आणि ती दवाखान्यात वेळेवर पोचते का. प्रत्येक निर्णयाचा कायदा वेगळा, ऑफिस वेगळं, शहर वेगळं. मग ही एकच शिडी नेमकी कुठल्या भिंतीला टेकवणार? माझ्या टेबलमध्ये मी या सगळ्या भिंती एकच समजून नंबर वाटले होते.

आता उदाहरण घेऊ. हेच उदाहरण मी सहाव्या पायरीवर, ‘भागीदारी’च्या रकान्यात टाकलं होतं.

बेडाक्विलीन हे टीबीचं औषध. २०१२ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. चाळीसेक वर्षांत टीबीसाठी नव्या प्रकारे काम करणारं औषध आलं नव्हतं, म्हणून त्याचं अप्रूप. टीबीचा जंतू ज्या एन्झाइमच्या जोरावर ऊर्जा तयार करतो, तेच हे औषध बंद पाडतं. नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणाऱ्या टीबीसाठी त्याआधी महिनोन् महिने इंजेक्शनं दिली जायची, कॅनामायसिनसारखी. ही इंजेक्शनं आतल्या कानातल्या नाजूक पेशी मारतात, आणि त्या पेशी परत येत नाहीत.

मुंबईच्या पत्रकार नंदिता व्यंकटेशन यांना दोनदा टीबी झाला. दुसऱ्या वेळी, २०१३ मध्ये, उपचार चालू असताना त्यांची ऐकण्याची शक्ती गेली. दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांचंही तसंच झालं. फेब्रुवारी २०१९ मध्ये या दोघींनी मुंबईच्या पेटंट कार्यालयात एका अर्जाला हरकत घेतली. जॉन्सन अँड जॉन्सनच्या बेडाक्विलीनवरचं मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होतं. हा दुसरा अर्ज त्याच औषधाच्या फ्युमरेट क्षारासाठी होता, आणि तो मंजूर झाला असता तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. २३ मार्च २०२३ ला, जागतिक क्षयरोग दिनाच्या आदल्या दिवशी, कार्यालयाने अर्ज फेटाळला. पुढे ऑगस्टमध्ये जागतिक खरेदीच्या नव्या किमती जाहीर झाल्या, त्यात सहा महिन्यांच्या कोर्सचा भाव मूळ कंपनीने १३० डॉलर लावला होता आणि आपल्या मुंबईच्या ल्युपिनने १९४. मूळ कंपनीच्या भावात आधीपेक्षा ही घट निम्म्याहून जास्त होती.

ही गोष्ट ऐकली की अंगावर काटा येतो, माझ्याही आला. आणि इथेच संशोधकाने जरा थांबायला हवं. कारण बातम्यांमधून आणि आपल्या पेपरांमधून ही गोष्ट अशी सांगितली जाते: दोन रुग्ण बायकांनी आपला अनुभव मांडला, व्यवस्थेने ऐकलं, धोरण बदललं. यातलं शेवटचं सोडून द्या, पहिलंच बरोबर नाही.

मी एम.एस्सी. ला सेंद्रिय रसायन केलंय, म्हणून हा भाग मला जास्त जवळचा. बेडाक्विलीनच्या रेणूत एक अमाइन आहे, म्हणजे तो आम्लाशी क्षार बनवू शकतो. रेणू पाण्यात नीट विरघळत नाही किंवा गोळी बनवायला अवघड जातो, तेव्हा त्याचा क्षार करून बघणं ही कुठल्याही फार्मा लॅबमधली पहिली-दुसरी पायरी असते. आम्ही प्रॅक्टिकलला करायचो तसंच: बेस एका द्रावकात विरघळवायचा, आम्ल घालायचं, गरम करायचं, हळूहळू गार होऊ द्यायचं, स्फटिक आले तर गाळून एक्सआरडीला पाठवायचे. फ्युमरिक आम्ल तर या कामातलं जुनं गिऱ्हाईक. एचआयव्हीच्या टेनोफोविरपासून बीपीच्या बिसोप्रोलोलपर्यंत कितीतरी औषधांच्या नावामागे ‘फ्युमरेट’ लागलेलं दिसेल. प्रत्यक्षात योग्य क्षार निवडायला मेहनत लागते, ते मी नाकारत नाही. एकेका क्षाराच्या मागे मी दिवस घालवलेत आणि हाताला फक्त चिकट तेल लागलंय. पण मेहनत वेगळी आणि शोध वेगळा. आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३(डी) हेच म्हणतं: माहीत असलेल्या पदार्थाचा क्षार, एस्टर, वेगळं स्फटिकरूप वगैरे हा तोच पदार्थ धरला जाईल, परिणामकारकतेत लक्षणीय फरक दाखवलात तरच वेगळा. २०१३ च्या ग्लिवेक निकालात सर्वोच्च न्यायालयाने ‘परिणामकारकता’ म्हणजे औषधाच्या बाबतीत उपचारातली परिणामकारकता, असंही स्पष्ट केलं. त्या खटल्याच्या मुळाशीही एक हरकत होती, मुंबईच्याच कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनची.

तर बेडाक्विलीनच्या अर्जावर निर्णय झाला तो यावर: यात कल्पकतेचं पाऊल आहे का, आणि ३(डी) लागू होतं का. कानांवर नाही. किमतीवर नाही. भारतात टीबीचे किती रुग्ण आहेत यावर नाही. मंजुरीआधीच्या हरकतीसाठी कलम २५(१) मध्ये अकरा कारणं दिली आहेत आणि त्या अकरांत ‘हे औषध लोकांना परवडणार नाही’ असं एकही कारण नाही. नंदितांचा अनुभव आपल्याला हलवतो, पण तो त्या टेबलावर पुरावा म्हणून चालत नव्हता. तिथे त्यांना, म्हणजे त्यांच्या वकिलांना, रसायनशास्त्राच्या आणि कायद्याच्या भाषेत बोलावं लागलं.

म्हणजे रुग्ण असण्याचा काही उपयोगच नव्हता का? होता, पण वेगळ्या जागी. कलम २५(१) मध्ये हरकत कोण घेऊ शकतं यासाठी दोनच शब्द आहेत, ‘कोणतीही व्यक्ती’. तुमचा धंदा बुडतोय, तुमचं स्वतःचं पेटंट आहे, असं काही दाखवावं लागत नाही. पेटंट मंजूर झाल्यानंतरच्या हरकतीला मात्र ‘हितसंबंध असलेली व्यक्ती’ लागते. या एका फरकामुळे मुंबईतली एक पत्रकार जगातल्या मोठ्यात मोठ्या कंपनीसमोर पक्षकार म्हणून उभी राहू शकली. आणि एकदा पक्षकार म्हणून उभं राहिलं की समोरच्या अधिकाऱ्याला तुमचं म्हणणं मान्य करावं लागत नाही, पण त्याला उत्तर द्यावं लागतं. मुद्दा एक, मुद्दा दोन, तुम्ही हे म्हणालात, कंपनी हे म्हणाली, माझं मत हे, कारण हे. सगळं लेखी. गाईडच्या ‘उत्तर कोण देतं?’चा अर्थ मला हा आदेश वाचताना कळला. हा सहभाग ‘भागीदारी’ नव्हता. इथे कुणी कुणाचं भागीदार नव्हतं, भांडण होतं. आर्नस्टीनच्या आठ पायऱ्यांत भांडणाला पायरीच नाही. माझ्या नंबरात ही गोष्ट बसत नव्हती, मी ती बसवली होती.

आता याच कायद्यातली दुसरी गंमत बघा. किंमत हे कारण म्हणून चालतं असंही एक कलम आहे, ८४, सक्तीच्या परवान्याचं. पेटंट मिळून तीन वर्षं झाल्यावर, औषध वाजवी किमतीत मिळत नाही किंवा लोकांची गरज भागत नाही असं दाखवून दुसऱ्याला ते बनवायची परवानगी मागता येते. मार्च २०१२ मध्ये मुंबईतूनच असा पहिला परवाना दिला गेला. बायरचं कर्करोगाचं सोराफेनिब महिन्याला सुमारे २ लाख ८० हजारांना होतं, नॅटकोने ते सुमारे ८,८०० रुपयांत द्यायचं मान्य केलं. पण तिथे अर्ज करणाऱ्याची औषध बनवण्याची क्षमता पाहिली जाते. म्हणजे व्यवहारात अर्जदार कंपनीच. थोडक्यात, जिथे कुणीही जाऊ शकतं तिथे किमतीबद्दल बोलता येत नाही, आणि जिथे किमतीबद्दल बोलता येतं तिथे साधा माणूस पोचत नाही. हे मला कुठल्याही शिडीवर दिसलं नसतं. कायद्याची दोन कलमं शेजारी ठेवून वाचली तेव्हा दिसलं.

‘कोणतीही व्यक्ती’ या शब्दांची दुसरी बाजूही लिहायला हवी, नाहीतर परीक्षक तुम्हाला ती विचारणारच. या दाराने फक्त रुग्ण येत नाहीत. स्पर्धक कंपन्यांनी कुणाचं तरी नाव पुढे करून हरकती टाकल्याची, एकामागून एक हरकती टाकून अर्ज वर्षानुवर्षं लटकवल्याची उदाहरणं आहेत, आणि न्यायालयांनी त्यावर टीका केलीय. बेडाक्विलीनच्या हरकतीलाही निकालापर्यंत चार वर्षं लागली. उद्योगाची तक्रार पूर्ण खोटी नाही.

या तक्रारीवर सरकारने काय केलं? ऑगस्ट २०२३ मध्ये पेटंट नियमांत दुरुस्तीचा मसुदा आला आणि मार्च २०२४ मध्ये नियम लागू झाले. आधी मंजुरीआधीच्या हरकतीला फी नव्हती, आता आहे. आणि हरकत मुळात दखल घेण्याजोगी आहे का, हे कंट्रोलर आधी ठरवणार, मगच अर्जदाराला कळवणार. कलमातले ‘कोणतीही व्यक्ती’ हे शब्द तसेच आहेत, पण दाराशी आता तिकीट आहे आणि आत सोडायचं की नाही ते ठरवणारा माणूस आहे. नावाआड लपलेल्या कंपनीला फीने काय फरक पडणार? पैसे कंपनीच भरणार ना. फरक पडलाच तर तो ज्यांच्यामागे कंपनी नाही त्यांना. उपाय आणि रोग जुळत नाहीत, असं माझं मत आहे.

आणि हा मसुदाही लोकांना विचारूनच पास झाला, बरं का. राजपत्रात प्रसिद्ध झाला, हरकती व सूचनांसाठी तीस दिवस दिले. औषध कायद्याखालचे नियमही असेच येतात, आधी प्रसिद्धी, मग हरकती-सूचना. अंतिम अधिसूचनेच्या सुरुवातीला एक ठरलेलं वाक्य असतं, की जनतेकडून आलेल्या हरकती व सूचनांचा केंद्र सरकारने विचार केला आहे. बस्स. किती आल्या, कुणाच्या आल्या, कुठली मान्य केली, कुठली का नाही, ते त्या वाक्यात नसतं. दहा हरकती आल्या असोत की दहा हजार, उत्तर एकच ओळ. शिडीवर हे चौथ्या पायरीवर बसतं, ‘सल्लामसलत’, आणि कलम २५ ची हरकत मी सहाव्यावर ठेवली होती. पण दोन्हींमधला फरक दोन पायऱ्यांचा नाहीच. एकीकडे उत्तर देण्याचं बंधन आहे, दुसरीकडे नाही.

(मी स्वतः त्या तीस दिवसांत काय केलं? काही नाही. मसुदा डाउनलोड केला, हायलाइट केला, माझ्या टेबलमध्ये एक ओळ वाढवली. मुदत संपल्यावर लक्षात आलं की मी पाठवायला हवं होतं. जनसहभागावर पीएच.डी. करणाऱ्या मुलीचा जनसहभाग हा असा.)

समित्यांकडेही याच नजरेने बघा. १९४० च्या औषध कायद्याच्या कलम ५ खाली औषध तांत्रिक सल्लागार मंडळ आहे. त्यात कोण कोण असेल ते कायद्यातच लिहिलंय: आरोग्य सेवा महासंचालक, औषध नियंत्रक, राज्यांचे अधिकारी, प्राध्यापक, डॉक्टरांच्या आणि फार्मासिस्टांच्या संघटनांचे प्रतिनिधी, सरकारी विश्लेषक, आणि औषध उद्योगातून एक नेमलेली व्यक्ती. रुग्णांसाठी खुर्ची नाही. गंमत म्हणजे ट्रायल तपासणाऱ्या एथिक्स कमिटीत, २०१९ च्या नियमांनुसार, किमान सात सदस्यांमध्ये एक सामान्य माणूस असावाच लागतो. म्हणजे एका हॉस्पिटलातल्या एका ट्रायलला सामान्य माणूस लागतो, आणि देशाच्या औषधांबद्दल सल्ला देणाऱ्या मंडळाला लागत नाही.

यावर सिनॉप्सिसमध्ये लगेच येणारी शिफारस म्हणजे ‘मंडळात रुग्ण प्रतिनिधी नेमावा’. नेमा, माझा विरोध नाही. पण नुसती खुर्ची काय करते हे बघायचं तर तज्ज्ञांच्याच खुर्च्यांकडे बघा. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने मे २०१२ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेवर ५९ वा अहवाल दिला. त्यात असं आढळलं होतं की वेगवेगळ्या शहरांतल्या मोठमोठ्या डॉक्टरांनी औषधाच्या बाजूने दिलेली पत्रं शब्दशः सारखी होती. समितीला दाट शंका होती की ती पत्रं कंपन्यांनीच लिहून दिली असावीत. एमडी झालेल्या माणसाच्या सहीचं असं होऊ शकतं, तर वर्षातून दोनदा दिल्लीला बोलावलेल्या एका रुग्णाच्या सहीचं काय होईल? याच्याशी ताडून बघायला अमेरिकेतली २०१२ च्या नोव्हेंबरमधली बेडाक्विलीनचीच सल्लागार बैठक घ्या. औषध काम करतं का यावर १८ विरुद्ध ०, सुरक्षित आहे का यावर ११ विरुद्ध ७. ही मतं उघड आहेत, त्यामागची चर्चा वाचता येते. अकरा-सात हा आकडा मला फार मोलाचा वाटतो. तज्ज्ञांत मतभेद होता हे त्यातून बाहेरच्याला कळतं, आणि बाहेरच्याला प्रश्न विचारायला जागा मिळते. आपल्याकडच्या तज्ज्ञ समित्यांची इतिवृत्तं आता संकेतस्थळावर येतात, ही सुधारणाच आहे, पण एका अर्जावर पाच-सहा ओळी, शेवटी ‘सविस्तर चर्चेनंतर समितीने शिफारस केली’. ती सविस्तर चर्चा कुठेय?

आता भवानी पेठेत येते, कारण माझं टेबल खरं मोडलं ते इथे.

आमच्या शेजारी एक अक्का राहतात. तेलुगू घर, मराठी आमच्यासारखीच बोलतात, मध्येच ‘अय्यो’ येतं तेवढंच. आयुष्यभर विड्या वळल्या. मागे त्यांना टीबी झाला होता. साधाच, रोजच्या गोळ्यांनी बरा होणारा. २०२४ च्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्यांचा कोर्स चालू होता. ते दिवस आठवत असतील, टीबीच्या गोळ्यांचा देशभर तुटवडा होता आणि मार्चमध्ये केंद्राने राज्यांना तीन महिन्यांपुरती खरेदी स्थानिक पातळीवर करून घ्या असं कळवलं होतं. अक्कांना जिथून गोळ्या मिळायच्या तिथे ‘चार दिवसांनी या’ असं सांगितलं गेलं. मग परत चार दिवस.

मी तेव्हा बेडाक्विलीनचा भाग लिहीत होते आणि त्या धुंदीत होते. संध्याकाळी दारात बसून त्यांना ती सगळी गोष्ट सांगितली. मुंबईची मुलगी, कान, कंपनी, पेटंट, स्वस्त झालेलं औषध. अक्का सुपात पानं निवडत ऐकत होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, “बरं केलं की गं पोरीनं. पण माझी गोळी कुणी अडवली? तिला कुठं जाऊन भांडू मी?”

मी म्हणाले, पेटंटचा याच्याशी संबंध नाही अक्का, तुमच्या गोळ्या जुन्या आहेत, त्यांचं पेटंट केव्हाच संपलंय.

“मग तर अजून सोपं असाया पाहिजे की.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण ते साखळीचं होतं: केंद्राची खरेदी, राज्याचा साठा, जिल्ह्याची मागणी, दवाखान्याचं रजिस्टर. यातल्या कुठल्याही कडीवर ‘कोणतीही व्यक्ती’ असे शब्द लिहिलेले नाहीत. सगळ्यात नव्या, सगळ्यात महागड्या औषधासाठी एक दार आहे, आणि रिफॅम्पिसिनसारख्या पन्नास वर्षं जुन्या औषधासाठी नाही. माझ्या टेबलमध्ये ‘पुरवठा’ हा रकानाच नव्हता. धोरण म्हटलं की कायदा आणि पेटंट डोळ्यांसमोर येतं. तुटवडा हा प्रशासनाचा ‘गोंधळ’ वाटतो, निर्णय वाटत नाही. पण किती मागवायचं, केव्हा मागवायचं, बफर किती ठेवायचा, हे कुणीतरी ठरवलेलंच असतं.

त्यानंतर मी महाराष्ट्रातल्या लोकाधारित देखरेखीबद्दल वाचायला लागले, आणि माझी तक्रार आहे की आपल्याकडचे विद्यार्थी परदेशी मॉडेल आधी वाचतात आणि हे सर्वात शेवटी. ब्रिटनच्या नाइस संस्थेची तीस नागरिकांची परिषद प्रत्येक सिनॉप्सिसमध्ये असते, हे नसतं. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ च्या सुमारास पाच जिल्ह्यांत हे काम सुरू झालं: पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि आपल्या शेजारचं तेव्हाचं उस्मानाबाद. राज्य पातळीवर पुण्याच्या ‘साथी’ संस्थेने ते सांभाळलं. गावातले लोक आरोग्य केंद्राचं रिपोर्ट कार्ड भरायचे, लाल, पिवळा, हिरवा. औषधं आहेत का, बाहेरून आणायला चिठ्ठी देतात का, हे त्यातले प्रश्न. आणि मग जनसुनवाई. मांडवात लोक, समोर अधिकारी. एखादी बाई उठून सांगते की मला बाहेरून औषध आणायला लावलं, आणि अधिकाऱ्याला तिथेच, सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागतं. पेटंटच्या आदेशात लेखी उत्तराचं बंधन होतं, इथे तोंडी आणि चारचौघांतलं. आणि इथे अनुभव हाच पुरावा होता. मराठीत. वकील न लावता.

पण इथेही कौतुकात वाहून जाऊ नका. मांडवात बसलेला तालुक्याचा अधिकारी उत्तर देऊ शकतो ते चिठ्ठीचं, वागणुकीचं, बंद दाराचं. ‘वरूनच साठा आला नाही’ म्हणाला की जनसुनवाई तिथे संपते. औषध खरेदी २०१७ पासून हाफकिनकडे गेली, २०२३ मध्ये त्यासाठी कायदा करून वेगळं प्राधिकरण केलं. वरची यंत्रणा बदलत राहिली, पण त्या मांडवात ती येऊन बसत नाही. उत्तर देणारा समोर असतो, निर्णय घेणारा नसतो. पेटंटच्या खोलीत हे उलटं आहे, निर्णय घेणाराच समोर असतो, पण तिथे अक्का जाऊ शकत नाहीत. आणि खरं बोलायचं तर नंदितांच्या मागेही इंग्रजी होतं, पत्रकारिता होती, वकील होते, आंतरराष्ट्रीय संस्थांचं बळ होतं. याने त्यांचं काम कमी होत नाही. पण ‘सामान्य नागरिकाचा विजय’ असं लिहिताना पेन अडखळायला हवं.

तर मी त्या दोघांना काय कळवलं? शिडी काढा असं नाही. एवढंच लिहिलं, की तुम्ही घेतलेल्या प्रकरणात निर्णय नेमका कुठला ते आधी एका वाक्यात लिहा. मग त्या निर्णयाचा कायदा किंवा परिपत्रक उघडा आणि शोधा: बोलायचा हक्क कुणाला आहे, कुठल्या प्रकारचं कारण तिथे ऐकलं जातं, आणि बोलल्यावर उत्तर द्यायची सक्ती आहे की नाही. हे शोधायला लेख पुरत नाहीत. मूळ आदेश, राजपत्र, इतिवृत्त वाचावं लागतं, आणि ते कंटाळवाणं असतं, ते मी लपवणार नाही. माझा पहिला पेटंट आदेश वाचायला मला नऊ दिवस लागले होते, रसायनशास्त्र येत असूनही.

जेनेरिकवालीचं उत्तर आलंय. तिने शिडी ठेवलीय, पण परिशिष्टात हलवली. आता ती मागच्या पाच वर्षांतल्या औषधविषयक मसुद्यांवर किती हरकती आल्या आणि कुणाच्या, हे माहिती अधिकारात मागणार आहे. अर्जाचा मसुदा मला पाठवलाय, रविवारी बघते. दुसऱ्याने अजून काही कळवलेलं नाही, बहुतेक चिडलाय. चालेल, मीही चिडले होते.

अक्कांचा कोर्स मागेच पूर्ण झाला, थुंकीची तपासणी निगेटिव्ह आली. खंड पडलेले दिवस शेवटी वाढवून दिले होते. त्यांचा प्रश्न मी थीसिसच्या पाचव्या प्रकरणाच्या सुरुवातीला घातलाय, नाव न घालता, त्यांना विचारून. “घाल की,” म्हणाल्या, “पण उत्तर मिळालं तर मलाबी सांग.”

पुढच्या पोस्टमध्ये तो नऊ दिवस लागलेला आदेश परिच्छेद-परिच्छेद करून कसा वाचायचा ते दाखवते. ज्यांची पेट परीक्षा जवळ आलीय त्यांनी तोवर निदान कलम ३(डी) आणि २५(१) मूळ इंग्रजीतून वाचून ठेवा, दोन्ही मिळून दोन पानंही नाहीत.